उभ्या गाडीचं भाडं

२०२५ च्या गणेशोत्सवात कोकण रेल्वेने एक प्रयोग केला. मालमोटारी वाघिणींवर चढवून नेणारी तिची रो-रो सेवा १९९९ पासून चालू आहे. त्याच धर्तीवर चाकरमान्यांच्या खासगी गाड्याही न्यायच्या ठरल्या. कोलाडला गाडी वाघिणीवर चढवायची, आपण त्याच रेल्वेच्या डब्यात बसायचं आणि बारा तासांनी गोव्यात वेर्ण्याला उतरून पुन्हा आपल्या गाडीत बसायचं. एका फेरीत चाळीस गाड्यांची सोय, गाडीमागे ७,८७५ रुपये, माणसांचं तिकीट वेगळं. प्रतिसाद थंड राहिला. मुंबईहून कोलाडपर्यंत शंभरावर किलोमीटर स्वतः चालवत जायचं, तिथे तीन तास आधी हजर व्हायचं आणि गाव कणकवलीजवळ असलं तरी वेर्ण्यापर्यंत जाऊन मागे फिरायचं, हे गणित फारसं कुणाला पटलं नाही. मग त्याच भागातल्या नांदगावला थांबा देण्यात आला.

सहलीला निघणाऱ्या मराठी कुटुंबाची अडचण या प्रयोगात नेमकी पकडलेली होती. त्याला रात्रभर झोपवून नेणारी रेल्वे हवी असते आणि उतरल्यावर दाराशी उभी गाडीही हवी असते. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. त्या एकाच वाहनाने भागल्या पाहिजेत हा हट्ट मात्र महागात पडतो. सुट्टीआधी घरोघरी होणारी चर्चा याच हट्टाभोवती फिरते: भाड्याची गाडी, टॅक्सी की एसटी? एकदा ठरलं की उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत तेच वाहन. वास्तविक एका सहलीत तीन प्रवास असतात. लांबचा पल्ला, मुक्कामाच्या गावातलं जाणं-येणं आणि एखाद-दुसऱ्या दिवसाची भटकंती. या तिन्हींचं वाहन वेगवेगळं निवडलं तर खर्च कमी होतो आणि शिणवटाही.

उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. डोंबिवलीचं जोडपं, नऊ वर्षांची मुलगी आणि शहात्तर वर्षांची आजी. बेत मालवणचा, पाच दिवसांचा.

पहिला विचार येतो तो टॅक्सीचा, म्हणजे ड्रायव्हरसकट गाडी ठरवण्याचा. इथे दर विचारला जातो तो किलोमीटरचा, आणि पंधरा रुपये ऐकलं की हिशेब मनातल्या मनात होतो: जाऊन-येऊन हजार किलोमीटर, तिथलं फिरणं दीडशे, म्हणजे सतरा हजारांच्या आसपास. बिल मात्र तसं येत नाही. बाहेरगावच्या भाड्याला रोजचं किमान अंतर धरलेलं असतं, बहुधा अडीचशे ते तीनशे किलोमीटर. तीनशे धरले तर पाच दिवसांचे दीड हजार किलोमीटर झाले, गाडी चालो वा न चालो. पंधरा रुपयांनी साडेबावीस हजार. त्यावर ड्रायव्हरचा रोजचा भत्ता, टोल, पार्किंग. दिवस मोजला जातो तोही कॅलेंडरचा. रात्री दहाला निघालं तरी तो दिवस अख्खा धरणारे पुष्कळ आहेत. या उदाहरणात साडेतीनशे किलोमीटरचे सव्वापाच हजार रुपये गाडी न चालल्याबद्दल दिले जातात.

यात फसवणूक नाही. मालवणात अडकलेली गाडी त्या दिवशी दुसरं भाडं मारू शकत नाही, म्हणून मालक किमान अंतर लावतो. प्रश्न आहे तो कुटुंबाने विकत काय घेतलं याचा. साडेअकराशे किलोमीटर ताशी सरासरी चाळीसने धरले तर चाकं एकोणतीस तास फिरतात. पाच दिवसांचे तास होतात एकशे वीस. म्हणजे तीन चतुर्थांश काळ गाडी उभी असते: हॉटेलच्या अंगणात, जेट्टीपाशी, खानावळीसमोर. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचं तर होडीतूनच जावं लागतं. गाडी धक्क्यावर थांबून राहते आणि भाडं चालू राहतं.

गाडीबरोबर एक माणूसही पाच दिवस उभा असतो. आजी त्याला पहिल्या चहालाच 'ड्रायव्हरदादा, काही खाल्लंत का?' विचारते, मुलगी दुसऱ्या दिवसापासून त्याला काका म्हणू लागते, आणि रात्री तो झोपतो कुठे हे कुणी विचारत नाही. पुष्कळ ठिकाणी उत्तर असतं, गाडीतच, सीट मागे पाडून. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या कामाची मर्यादा घातली होती. डोंबिवली ते मालवण हा पल्ला अकरा-बारा तासांचा आहे. त्यात २०११ मध्ये सुरू झालेलं मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण तपभरात पुरं झालं नाही, त्यामुळे कुठे गुळगुळीत काँक्रीट आणि कुठे वळणरस्ता असा तो प्रवास. 'पहाटे चारला निघू, म्हणजे दिवस वाया जात नाही' असं कुटुंब ठरवतं, तेव्हा आदल्या रात्री अकरापर्यंत हाच माणूस दुसऱ्या भाड्यावर होता की काय, ही चौकशी दरापेक्षा महत्त्वाची आहे. ती क्वचितच होते.

तशीच एक गोष्ट मागच्या सीटची. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर काही दिवस देशभर मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. आजही भाड्याच्या अनेक गाड्यांत मागचे पट्टे सीटकव्हरखाली गाडलेले सापडतात. बकल शोधायला हात घातला की बिस्किटाचा चुरा हाती लागतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या वयाची सुरक्षित बैठक नसेल तर मोटार वाहन कायद्यात हजार रुपये दंड आहे. गाडी ठरवतानाच 'मागचे पट्टे वर काढून ठेवा' असं सांगण्याला एक पैसा पडत नाही.

मग ड्रायव्हरशिवाय गाडी घ्यावी? भाड्याची गाडी स्वतः चालवण्याची सोय आता मोठ्या शहरांत आणि विशेषतः गोव्यात सहज मिळते. तिचं आकर्षण उघड आहे. ड्रायव्हरचा भत्ता नाही, परका माणूस नाही, हवं तिथे थांबता येतं. पण कुटुंबातल्या एकाची सुट्टी इथे आधीच खर्ची पडते. पाचशे किलोमीटर चालवून मालवणात उतरलेला बाप पहिला दिवस झोपून काढतो आणि शेवटचा दिवस परतीच्या धास्तीत. बायकोला गाडी येत असली तर भार वाटला जातो. एकच चालवणारा असेल तर चौघांच्या सहलीचे खरे प्रवासी तीनच उरतात.

कायद्याची बाजूही पाहून घ्यावी लागते. स्वतः चालवायला गाडी भाड्याने देण्याचा धंदा १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेखाली चालतो. परवान्याला किमान पन्नास गाड्यांची अट आहे आणि अशा गाडीची पाटी काळी, तिच्यावर अक्षरं पिवळी असतात. गोव्यात पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्याही पर्यटकांच्या हाती दिल्या जातात. त्या थोड्या स्वस्त पडतात. अपघात झाला की त्या स्वस्ताईचा अर्थ कळतो, कारण खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने देणं बसत नाही आणि कंपनी दावा नाकारू शकते. किल्ली घेण्याआधी पाटीचा रंग पाहावा, चारी बाजूंचे ओरखडे मोबाइलमध्ये टिपावेत, इंधनाचा काटा आणि डिपॉझिटची रक्कम लिहून घ्यावी, आणि राज्याची हद्द ओलांडायला मुभा आहे का हेही विचारावं. गोव्याची गाडी घेऊन सावंतवाडीला दुपारचं जेवायला जाणं वाटतं तितकं बिनधोक नसतं.

तरीही गोवा हे भाड्याच्या गाडीचं सगळ्यात सबळ उदाहरण आहे, आणि त्याचं कारण तिथल्या टॅक्सीच्या रचनेत आहे. बाहेरच्या मोठ्या ॲपकंपन्यांना तिथे पाय रोवता आले नाहीत. २०१८ मध्ये आलेल्या गोवामाइल्स या ॲपलाही टॅक्सीवाल्यांनी कडवा विरोध केला. टॅक्सीवाला स्टँडवर नंबर लावतो, पाळी येईपर्यंत ताटकळतो, भाडं सोडून बहुतेक वेळा रिकामा परततो. ती रिकामी फेरी आणि ताटकळलेली सकाळ, दोन्हींची वसुली त्या एका भाड्यातून होते. पर्यटकाला ती लूट वाटते, टॅक्सीवाल्याला तो दिवसाचा पगार वाटतो, आणि आपापल्या जागी दोघांचंही खरं असतं. मात्र चौघांच्या कुटुंबाला दिवसात दोनदा-तीनदा बाहेर पडायचं असेल तर त्याच पैशात दिवसभराची गाडी येते. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यावर तर उत्तर टोकाला उतरून दक्षिण गोव्यात मुक्काम करणाऱ्यांचा पहिला खर्चच मोठा झाला आहे. गोव्याचे मोटारसायकल 'पायलट' ही खास तिथली सोय. एकट्याला उत्तम, कुटुंबाला निरुपयोगी.

गोव्यात बसही आहे, आणि ती समजून घेतली तर कामाची आहे. १९८० मध्ये स्थापन झालेल्या कदंब महामंडळाच्या पणजी-मडगाव, पणजी-म्हापसा अशा शटल गाड्या मध्ये न थांबता शहरांना जोडतात. खिडकीवर तिकीट काढायचं आणि रांगेने चढायचं. गावोगाव फिरतात त्या मुख्यतः खासगी बस. त्या दिवसा भरपूर, संध्याकाळनंतर विरळ. म्हणून दिवसा शहरं पाहणाऱ्याने बस घ्यावी आणि रात्रीचं जेवण किनाऱ्यावर घेणाऱ्याने परतीची सोय आधी पाहावी. भाड्याच्या गाडीचीही तिथे एक अट आहे. रक्तात शंभर मिलिलिटरमागे तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं की गाडी चालवणं गुन्हा ठरतो. गोव्यातल्या संध्याकाळी किल्ली कुणाकडे राहणार, हे गाडी घेण्याआधीच ठरलेलं बरं.

आता एसटी. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर तिची पहिली गाडी धावली. तेव्हापासून मराठी माणसाच्या सुट्ट्यांचा मोठा भाग तिच्याच बाकांवर गेला. मध्यमवर्गाने ती मनातून कधीच सोडली असली तरी सवलतींनी तिचं गणित पुन्हा जुळवलं आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना पूर्वीपासून अर्धं. डोंबिवलीच्या त्या कुटुंबाला लावून पाहा. बापाचं एक, आईचं अर्धं, मुलीचं अर्धं, आजीचं शून्य. चार माणसं, दोन तिकिटं. २०२५ च्या जानेवारीत भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं ते धरूनही याच्या जवळपास रस्त्यावरचं दुसरं वाहन येत नाही. गोव्याला जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. शिवाय चार आणि सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पास आहे, जो घेऊन गावामागून गाव फिरणारे हौशी आजही भेटतात.

पण एसटीची बाजू मांडताना तिच्या उणिवांवर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. एकेकाळी अठरा हजारांवर असलेला ताफा गेल्या काही वर्षांत बराच खाली आला, त्यामुळे दोन गाड्यांमधलं अंतर वाढलं. अनेक बसस्थानकांवरची बायकांची स्वच्छतागृहं पाहून आया पाणी पिणंच टाळतात. पाचशे किलोमीटरच्या प्रवासात शहात्तर वर्षांच्या बाईने पाणी टाळणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. आणि घाट आला की गाडी लागते. खिडकीपाशी बसवलेलं, आलेपाकाची वडी चघळत असलेलं पोर तिसऱ्या वळणावर पांढरंफटक पडतं. आईच्या एका हातात पिशवी, दुसरा हात त्याच्या कपाळाला, आणि कंडक्टर सांगतो, 'वहिनी, गाडी थांबवायला जागा नाय इथं.' या क्षणी टॅक्सीचे जास्तीचे सगळे पैसे वसूल वाटतात. हवं तेव्हा थांबता येणं हा चैनीचा भाग नाही. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा आजारी माणूस सोबत असेल तर ती गरज आहे.

याच कारणाने लांबच्या पल्ल्याला एसटीपेक्षा रेल्वे बरी ठरते. कोकणकन्या रात्री मुंबईतून सुटते आणि सकाळी कुडाळला सोडते. आजी आडवी होऊन येते, डब्यातच स्वच्छतागृह असतं, कुणाचाही दिवस स्टीअरिंगमागे जात नाही. कुडाळ ते मालवण तीसेक किलोमीटर. स्टेशनाबाहेर रिक्षा मिळते आणि सामान कमी असलं तर एसटीही आहे. गावात मुक्काम बाजारपेठेजवळ घेतला की जेट्टी, खानावळी आणि मासळीबाजार पायी होतात. वेंगुर्ला-रेडी किंवा देवगड-विजयदुर्ग अशी लांबची चक्कर असेल त्या दोन दिवसांपुरती मालवणातलीच गाडी करायची. दिवसाला साडेतीन हजार धरले तर सात हजार. वातानुकूलित डब्याचं तिकीट माणशी हजार-अकराशे धरलं तर चौघांचं जाऊन-येऊन नऊ हजारांच्या घरात. रिक्षा मिळवून सतरा-अठरा हजारांत भागतं. मुंबईहून नेलेल्या टॅक्सीचा आकडा भत्ता आणि टोल धरून पंचवीस हजारांच्या आसपास जातो. पैशांशिवायही फरक पडतो. स्थानिक ड्रायव्हर रात्री आपल्या घरी झोपतो, कुठल्या खानावळीत आज ताजे बांगडे आले हे त्याला ठाऊक असतं, आणि पैसे त्याच गावात राहतात.

कोणत्या गावात गाडी न्यावी हे गावाच्या रस्त्यांनाही विचारायला हवं. तारकर्लीहून देवबागला जाणारा रस्ता एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या चिंचोळ्या पट्टीवरून जातो. दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे आणि माडांचे बुंधे. मे महिन्यात किंवा नाताळात शहरातल्या दोन ऐसपैस गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं, आणि तोवर मागे आणखी चार उभ्या असतात. त्यातच गावातल्या माणसाची मासळीची टोपली घेतलेली दुचाकी अडकते. महाबळेश्वरच्या बाजारपेठेतही सुट्टीत हेच दृश्य दिसतं. तिथे वेण्णा तलावाजवळ रांगेत घालवलेले दोन तास कुठल्याच हिशेबात धरलेले नसतात.

महाबळेश्वरात आणखी एक गोष्ट कळते. वाहन माणसाला फक्त पोचवत नाही, काय पाहायचं तेही ठरवतं. टॅक्सीच्या दरपत्रकावर 'पॉइंट' मोजलेले असतात. इतक्या तासांत इतके पॉइंट, म्हणजे प्रत्येकी वीस मिनिटं, एक फोटो, एक स्ट्रॉबेरी क्रीम. बसने गेलेलं कुटुंब एकाच ठिकाणी अडकून पडतं, पण संध्याकाळच्या गाडीपर्यंत वेळ काढायचा म्हणून ती जागा नीट पाहतं. स्वतःच्या गाडीने गेलेलं कुठेही जायला मोकळं असतं आणि मोकळीकीचा बराच भाग पार्किंग शोधण्यात घालवतं. यांतली कोणती सहल चांगली हे ज्याने त्याने ठरवावं. मात्र निवड वाहनाची केली की सहलीचीही झालेली असते, हे आधी कळलेलं बरं.

आणि ज्यांना गाडीविना कुटुंबाची सहल अशक्य वाटते त्यांच्यासाठी माथेरान आहे. गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात. पुढे पायी, घोड्यावर किंवा अलीकडच्या ई-रिक्षात. नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी १९०७ पासून आहे. तिथे आजीआजोबा जातात, तान्ही मुलं जातात, लाल मातीत चपला माखून परत येतात. गाडी नसल्याने सुट्टी अडली असं म्हणणारे तिथे फारसे भेटत नाहीत.

या मांडणीला एक आक्षेप रास्त आहे. रेल्वेचं तिकीट मिळतं कुठे? गणपती, दिवाळी, मे महिना या तिन्ही हंगामांत कोकणच्या गाड्या आरक्षण उघडताच भरतात, आणि प्रतीक्षा यादीत अडकलेलं कुटुंब शेवटी टॅक्सीवाल्यालाच फोन लावतं. म्हणूनच सुट्टीची तारीख ठरली की हॉटेलच्या आधी तिकिटाकडे वळावं, आणि कुटुंबात गाडी लागणारं किंवा पायऱ्या न चढणारं माणूस असेल तर खालच्या बर्थची मागणी तेव्हाच नोंदवावी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण एकशे वीसऐवजी साठ दिवस आधी उघडतं. दिवाळीत मालवण गाठायचं असेल तर निघण्याच्या तारखेपासून साठ दिवस मागे मोजा, आणि त्या दिवशी सकाळी आठला घरातलं कुणीतरी जागं असू द्या.